थोड्या चेंडूंची कारकीर्द

जितेश शर्माचे आकडे आधी पाहू नयेत. वीस षटकांच्या सामन्यात पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या यष्टिरक्षकाची सरासरी पाहून हाती काहीच लागत नाही. उलट गैरसमजच व्हायचा. धावफलक सांगतो, जितेश शर्मा २४ धावा. वाचणारा पुढच्या नावाकडे वळतो. त्या २४ धावा दहा चेंडूंत झाल्या होत्या, सामना ३ जून २०२५चा आयपीएलचा अंतिम सामना होता आणि बंगळुरूने पंजाबला हरवलं ते अवघ्या सहा धावांनी, हे शेजारी मांडल्यावर त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून त्याच्या डावांकडे जाण्याआधी ही चार पानं. तो कुठून आला, किती काळ थांबला आणि त्याचं काम नेमकं काय, हे ठाऊक असलं की पुढचं वाचन सोपं जातं.

जन्म अमरावतीचा, २२ ऑक्टोबर १९९३. त्याला क्रिकेटपटू व्हायचं नव्हतं, सैन्यात जायचं होतं, त्यातही हवाई दलात. शाळेत क्रिकेटच्या निवड चाचणीला तो गेला तो खेळाच्या ओढीने नव्हे, गुणांच्या हिशेबाने. राज्य पातळीवर खेळलेल्या मुलाच्या गुणांत भर पडते आणि ते पुढे उपयोगी पडतात, एवढंच त्यामागे होतं, असं त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. आपल्याकडे क्रीडागुणांसाठी खेळणारी पोरं गावोगाव आहेत. दहावी-बारावीचं वर्ष आलं की शाळेच्या संघात अचानक गर्दी होते आणि प्रमाणपत्र हाती पडलं की मैदान ओस पडतं. हा मुलगा प्रमाणपत्र घेऊनही मैदानावरच राहिला. विमानाचं म्हणाल तर ते त्याच्या गावाला तेव्हा नव्हतंच. बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला प्रवासी विमान सुरू झालं ते १६ एप्रिल २०२५ला, आणि त्या दिवसांत हा बंगळुरूच्या संघातून आयपीएल खेळत होता.

अमरावती हे खेळाचं गाव आहे, पण क्रिकेटचं नव्हे. इथल्या खेळाचा पत्ता म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४मध्ये लावलेलं हे रोप. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, दांडपट्टा, कबड्डी हे इथलं वैभव. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाची तुकडी जर्मनीत गेली आणि तिने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. हुतात्मा राजगुरूही काही काळ याच आखाड्यात घाम गाळून गेले. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढून या संस्थेने राज्यभर खेळाचे शिक्षक पुरवले. म्हणजे खेळ शिकावा, शिकवावा आणि त्यावर पोट भरावं ही कल्पना अमरावतीला नवी नव्हती. मात्र ती मातीतली होती. चामड्याचा चेंडू, पॅड, बॅट, नेट या खर्चिक सरंजामाची परंपरा इथे तशी नव्हती. संध्याकाळी सायन्सकोर मैदानावर एकाच वेळी पाच-सात सामने चालतात, एकाचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, आणि कोणी उंच टोला मारला की कोणत्या सामन्याचा चेंडू आहे हे ओळखून झेल घ्यावा किंवा सोडावा लागतो. इथलं क्रिकेट टेनिस बॉलचं. षटकं कमी, प्रतिस्पर्धी बरेच, अंधार पडायच्या आत निकाल. त्यात खेळपट्टीवर टिकणाऱ्याला किंमत नाही, मारणाऱ्याला आहे.

लहानपणी जितेशला रीतसर प्रशिक्षक नव्हता. दूरचित्रवाणीवर मोठ्यांना पाहून तो शिकला. ही गोष्ट सांगताना वर्तमानपत्रांचा आवाज भरून येतो. मला तो सूर पटत नाही. प्रशिक्षक नव्हता हे त्या मुलाचं कौतुक असेल, पण गावाचं नाही. टीव्हीसमोर बसून शिकणारा एक वर आला, म्हणून बाकीच्यांनाही टीव्ही पुरेसा आहे असं होत नाही. ज्यांना तशाच वयात पायांची हालचाल दाखवणारं कोणी भेटलं असतं तर ते आज कुठे असते, याचा हिशेब कोणाकडेच नाही. हेही खरं की कोणी न शिकवल्यामुळे त्याच्या हातातलं काही सुटलंही नाही. चेंडू टप्पा पडून उसळतोय तोवर मागच्या पायावर जाऊन तो मिडविकेटवरून भिरकावणं, यष्टींमागे अचानक वळून बॅटचं पातं तिरपं करणं, हे फटके प्रशिक्षणाच्या वहीत पहिल्या पानावर नसतात. बारा वर्षांच्या मुलाने ते मारले असते तर कोणत्याही सरांनी कान पकडला असता.

इथे वऱ्हाड आणि विदर्भ हा जुना गुंता थोडा उलगडावा लागेल. बाहेरचा माणूस दोन्ही एकच समजतो. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम. इंग्रजांच्या कागदोपत्री बेरार. नागपूर त्यात नाही. क्रिकेटची गादी मात्र नागपूरला. विदर्भाचा संघ रणजीत १९५७-५८पासून स्वतंत्रपणे खेळू लागला. असोसिएशनचं जुनं मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, नवं जामठ्याला, दोन्ही नागपुरात. अमरावतीहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, अकोल्याहून आणखी शंभर. पहाटे बडनेऱ्याला गाडी पकडायची, पाठीवर मोठी बॅग, चाचणीत दहा-वीस चेंडू खेळायला मिळणार आणि रात्री परत. वऱ्हाडातल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या बापाला हे सगळं पाठ असतं. ‘नागपूरवाल्यांचंच चालते’ ही तक्रारही प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. ती सगळीच खरी मानायचं कारण नाही, कारण त्याच असोसिएशनच्या संघातून जितेश वर आला. पण अंतर हे अंतरच. ते पैशात मोजा, रजेत मोजा की बापाच्या जिवाच्या घालमेलीत मोजा.

विदर्भाकडून तो एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने २०१४पासून खेळू लागला, रणजीत आला २०१५मध्ये. २०१५-१६च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने ३४३ धावा केल्या, त्यात एक शतक; त्या मोसमात स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांत तो तिसरा होता. बावीस वर्षांचा पोरगा, यष्टिरक्षक, वर उंच फटके. मुंबई इंडियन्सने त्याला लगेच उचललं. अमरावतीत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. मग २०१६चा मोसम गेला, २०१७चा गेला. मुंबईने २०१७ला विजेतेपदही मिळवलं. पार्थिव पटेल होता, जोस बटलर होता. जितेशला एकही सामना मिळाला नाही. पंगतीला बसायचं, पान मांडलेलं, आणि वाढपी दर वेळी शेजारच्यापर्यंत येऊन परत फिरतो, तसं ते. मग पंगतीतूनही उठावं लागलं. त्यानंतरची चार-पाच वर्षं आयपीएलमध्ये त्याचं नाव कुठेच नाही.

गंमत म्हणजे हीच वर्षं विदर्भाच्या भाग्योदयाची. साठ वर्षं रणजीत केवळ हजेरी लावणाऱ्या या संघाने २०१७-१८मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून करंडक घेतला, आणि पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो राखला. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, गुरबानीची अंतिम सामन्यातली हॅटट्रिक हे सगळं विदर्भाच्या लोकांना तोंडपाठ आहे. त्या इंदूरच्या सामन्यात यष्टींमागे होता अक्षय वाडकर, आणि त्याने १३३ धावा केल्या. पहिलंच प्रथम श्रेणी शतक आणि तेही अंतिम सामन्यात. अशा माणसाला संघातून काढणार कोण? यष्टिरक्षकाची जागा एकच असते. गोलंदाज चार-पाच लागतात, फलंदाज सहा लागतात, यष्टिरक्षक एक. लाल चेंडूची ती एक जागा वाडकरकडे गेली आणि जितेश पांढऱ्या चेंडूचा माणूस झाला. पुढे २०२४-२५ला विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा वाडकर कर्णधार होता. माझ्या मते जितेशच्या कारकिर्दीला आकार देणारी पहिली खेळी जितेशची नाहीच, ती वाडकरची इंदूरची खेळी.

२०२२च्या लिलावात पंजाब किंग्जने त्याला २० लाखांच्या पायाभूत किमतीला घेतलं. ३ एप्रिलला ब्रेबॉर्नवर चेन्नईविरुद्ध पदार्पण, १७ चेंडूंत २६. वय अठ्ठावीस, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे लोक ‘आता नोकरीचं बघ’ म्हणू लागतात. त्या मोसमात २३४ धावा, शंभर चेंडूंमागे १६३च्या वेगाने. पुढच्या मोसमात ३०९. पंजाबच्याच संघात त्या वेळी अकोल्याचा अथर्व तायडे होता. डावखुरा सलामीवीर, जन्म २०००चा, अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर वाढलेला, एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्रिशतक ठोकून पुढे आलेला. दोघांचा पिंड पूर्ण वेगळा. अथर्व डाव उभारणारा, जितेश तो संपवणारा.

१७ मे २०२३ला धर्मशाळेत हे दोन पिंड एकमेकांसमोर आले. दिल्लीने २१३ केल्या होत्या. अथर्व ४२ चेंडूंत ५५वर खेळत होता आणि आवश्यक गती त्याच्या हाताबाहेर चालली होती. पंधरावं षटक संपल्यावर त्याला ‘रिटायर्ड आउट’ करून परत बोलावलं. अर्धशतक झालेला, बाद न झालेला फलंदाज स्वतःच्या पायाने तंबूकडे चालत आला आणि त्याच्या जागी खेळायला गेला जितेश. अकोल्याचा परतला, अमरावतीचा गेला. अमरावतीचा खातंही न उघडता बाद झाला आणि पंजाब १५ धावांनी हरलं. अथर्वला ठेवायला हवं होतं का, यावर त्या रात्री वऱ्हाडात किती वाद झाले असतील याची कल्पना करावी. माझ्या मते निर्णय बरोबर होता, तो फसला एवढंच. पण या कारकिर्दीचा जातिवंत नमुना हवा असेल तर पुढे येणाऱ्या लखनौच्या डावाआधी हा डाव वाचावा. या कामात तीन चेंडू वाया गेले की अख्खा दिवस वाया जातो. दुसरा डाव नाही, लंचनंतर सावरू असं नाही.

इथे जरा दूर जातो. चेक प्रजासत्ताकात आइस हॉकीचा आक्रमक खेळाडू एका वेळी बर्फावर किती असतो? पाऊण मिनिट, फार तर एक. मग तो कठडा ओलांडून बाकावर, आणि दुसरी फळी आत. रात्रभरात असे वीसेक फेरे. तरीही यारोमिर यागर जगाला ठाऊक आहे. प्रागजवळच्या क्लाद्नो या कोळशा-पोलादाच्या गावचा हा मुलगा १९९०ला अमेरिकेत गेला, पिट्सबर्गकडून १९९१ आणि १९९२ला स्टॅनली कप जिंकला, १९९८ला नागानोत ऑलिम्पिक सुवर्ण. एनएचएलमध्ये १९२१ गुण. पुढे फक्त वेन ग्रेट्स्की. पाठीवर ६८ आकडा, रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या वर्षाचा. पन्नाशी उलटल्यावरही तो आपल्या गावच्या संघातून खेळत राहिला, त्या संघाचा मालकही तोच होता. आठवण एवढ्यासाठी की क्लाद्नोत गावचा संघ होता, बर्फाचं मैदान होतं, लहान पोरापासून मोठ्यापर्यंत वर नेणारी शिडी होती. पाऊण-पाऊण मिनिटाच्या तुकड्यांतून माणूस घडवायचा तर त्यामागे अशी व्यवस्था लागते. अमरावतीच्या पोराने ते तुकड्यांचं काम शिडीशिवाय केलं, आणि त्याचा फेरा तर रात्रीतून एकदाच.

भारताची टोपी आली तीही अशी कडेकडेने. जानेवारी २०२३ला संजू सॅमसन जखमी झाला म्हणून संघात बोलावणं, खेळायला मिळालं नाही. ३ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध पदार्पण झालं. मुख्य संघ तेव्हा मायदेशातल्या विश्वचषकाच्या तयारीत होता. अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि वरच्या मानांकनामुळे सुवर्ण भारताचं. १ डिसेंबरला रायपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १९ चेंडूंत ३५. त्या डावाने २०२४च्या विश्वचषकाची आशा लागली होती, पण आयपीएलचा तो मोसम वाईट गेला; १४ सामन्यांत १८७ धावा. विश्वचषकाला ऋषभ पंत आणि सॅमसन गेले. पंजाबने त्याला मोकळं केलं. नोव्हेंबर २०२४ला जेद्दाच्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले. वीस लाखांचा माणूस सर्वांत वाईट मोसमानंतर ११ कोटींचा झाला, हे आयपीएलचं अर्थशास्त्र मला कधी कळलेलं नाही. त्या संघात फलंदाजीचा प्रशिक्षक होता दिनेश कार्तिक. आयुष्यभर दुसऱ्याच्या सावलीत यष्टिरक्षण करून उतारवयात शेवटच्या षटकांचा कारागीर झालेला माणूस. जितेशला शिकवायला याहून योग्य कोणी नव्हतं, आणि रीतसर गुरू भेटला तो एकतिसाव्या वर्षी.

आता लखनौ, २७ मे २०२५. साखळीतला शेवटचा सामना. जिंकलं तर पहिल्या दोघांत, म्हणजे अंतिम फेरीसाठी दोन संधी. नेहमीचा कर्णधार रजत पाटीदार फक्त फलंदाजीपुरता उतरणार होता म्हणून त्या दिवशी कर्णधार जितेश. पंतने नाबाद ११८ ठोकल्या, लखनौ २२७. पाठलागात विराट कोहली ५४वर बाद झाला तेव्हा बाराव्या षटकात ४ बाद १२३. शंभरावर धावा अजून बाकी, समोर मयंक अगरवाल.

त्यातलं एक षटक जवळून पाहण्यासारखं आहे. सतराव्या षटकात चेंडू दिग्वेश राठीकडे. जितेश ४९वर. त्याने यष्टींमागून फिरवायचा प्रयत्न केला आणि चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात. खेळ खलास. पण राठीचा मागचा पाय रेषेला लागला होता; नो-बॉल. फ्री हिटवर षटकार. त्याच षटकात राठी चेंडू टाकता टाकता थांबला आणि त्याने नॉन-स्ट्रायकरच्या टोकाच्या यष्टी उडवल्या. जितेश क्रीजबाहेर होता. तिसऱ्या पंचाकडे प्रकरण गेलं. राठीची चेंडू टाकायची क्रिया पुढे सरकली होती म्हणून नाबाद, आणि तोवर पंतनेही अपील मागे घेऊन जितेशला मिठी मारली होती. एका षटकात दोन जीवदानं. नंतर त्याने ती उधळली नाहीत. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चौकार, सहा षटकार. मयंकबरोबर ४५ चेंडूंत १०७ धावा. आठ चेंडू राखून विजय. नशीब होतं का? होतं. धर्मशाळेत ते नव्हतं. दोन्ही डावांत फटके मारण्याची वृत्ती तीच होती.

आठवड्याभराने अहमदाबादला तो अंतिम सामना झाला, बंगळुरूचं अठराव्या मोसमात पहिलं विजेतेपद. समोर हरणारा संघ पंजाबचा, ज्याने त्याला पहिली संधी दिली आणि मोकळंही केलं.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात. स्थानिक क्रिकेटसाठी त्याने विदर्भ सोडून बडोदा धरलं. इकडच्या काहींना ते लागलं. मला त्यात वावगं दिसत नाही. ज्याने एका जागेसाठी इतकी वर्षं वाट पाहिली त्याने जागा कुठे मोकळी आहे ते पाहावं. नोव्हेंबरमध्ये दोह्याला उदयोन्मुख खेळाडूंच्या आशिया चषकात तो भारत ‘अ’चा कर्णधार होता. बांगलादेश ‘अ’विरुद्धची उपांत्य लढत बरोबरीत सुटली, सुपर ओव्हर आली. चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी त्याच सामन्यात १५ चेंडूंत ३८ करून बसला होता, पण सलामीला गेला स्वतः जितेश. पहिल्याच चेंडूवर यष्टींमागे उलटा फटका खेळायला गेला आणि त्रिफळा. पुढच्या चेंडूवर आशुतोष शर्मा बाद, भारताची धाव एकही नाही. वैभवला का पाठवलं नाही, यावर देशभर टीका झाली. शेवटच्या षटकांत फटके मारणारे आम्ही दोघं-तिघं आहोत, वैभव सुरुवातीच्या षटकांचा राजा आहे, असं उत्तर त्याने दिलं आणि पराभवाची जबाबदारीही घेतली. उत्तर चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आपलं काम आपण करायचं, या एका निष्ठेवर त्याचा संसार उभा आहे, आणि तीच त्या दिवशी आडवी आली.

तरीही त्याच्या भारतीय संघातल्या जागेचा निकाल दोह्याने लागला नाही, आणि हे समजून घेतल्याशिवाय त्याचं २०२५ साल कळायचं नाही. सप्टेंबरच्या आशिया चषकाला शुभमन गिल उपकर्णधार म्हणून परतला आणि अभिषेक शर्माबरोबर सलामीला जाऊ लागला. सलामीचा सॅमसन खाली ढकलला गेला. खाली खेळायचं तर यष्टिरक्षक खालच्या कामाचाच का नको, असा प्रश्न उभा राहिला आणि २ नोव्हेंबरला होबार्टला सॅमसनऐवजी जितेश आला. १३ चेंडूंत नाबाद २२, वॉशिंग्टन सुंदरबरोबर सामना संपवून परतला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मालिकेच्या सुरुवातीलाही तोच खेळला. मग गिलच्या धावा आटल्या. २० डिसेंबर २०२५ला विश्वचषकाचा संघ जाहीर झाला तेव्हा गिललाच वगळलं होतं. सॅमसन पुन्हा सलामीला, त्याला पर्याय म्हणून वर खेळणारा दुसरा यष्टिरक्षक ईशान किशन, आणि खाली फटकेबाज हवा म्हणून रिंकू सिंग. पाचव्या-सहाव्या क्रमांकावरच्या यष्टिरक्षकाची जागाच संघात उरली नाही. जितेशने त्या मधल्या काळात काय केलं, यापेक्षा गिलने काय केलं नाही, याने ती गेली. ऑक्टोबरमध्ये त्याला बत्तीस वर्षं पूर्ण झाली होती. बंगळुरूने २०२६साठी त्याला राखून ठेवलं होतं.